नर्सबाईचा खांदा

आमच्या ह्यांचा सगळ्यांवर विश्वास आणि माझा कुणावरच नाही, असा आमचा संसार. हे एसटीत कंडक्टर. दिवसभर गाडीत जे कानावर पडेल ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. अमुक गावच्या विहिरीच्या पाण्यानं मुतखडा पडतो, तमुक बाबाच्या अंगाऱ्यानं मुकी पोरगी बोलायला लागली. मी विचारायची, "तुम्ही पाहिली का ती पोरगी?" हे म्हणायचे, "आता चांगला माणूस सांगून राहिला, तर खोटं काहून सांगंल?" यावर माझ्याकडे पुष्कळ उत्तरं असायची आणि मी ती सगळी द्यायची.

संशय मला वडिलांकडून मिळाला. ते दुसऱ्याच्या रानात राबणारे, सहीपुरतंही न शिकलेले. पण चौदा एप्रिलच्या जयंतीच्या भाषणांतून त्यांनी एक गोष्ट पक्की धरली होती, की कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपण तपासून घ्यायचं. बाजारात वांगं घेतानासुद्धा ते चारही अंगांनी फिरवून बघायचे, आणि भाजीवाली कावली तरी बघायचे. मला नर्सिंगला घातलं तेव्हा ते आधी एकटेच जाऊन आले आणि तिथं मुली खरंच शिकतात का, हे खिडकीतून पाहून आले. अशा माणसाची मी लेक.

नव्वदच्या आगेमागे माझी नेमणूक शिरड शहापूरजवळच्या एका गावातल्या उपकेंद्रावर झाली. दोन खोल्या, एक टेबल, एक लोखंडी खाट आणि खांद्याला अडकवायचा लसीचा डबा. गाव मला नर्सबाई म्हणायला लागलं. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या हे सगळं होतंच. पण माझं खरं भांडण होतं ते हाडवैद्याशी. तीन-चार कोसांवरच्या एका वस्तीवर तो राहायचा. मूळचं त्याच्या घरात मेंढरांचे मोडलेले पाय बांधायचं कसब होतं, तेच पुढं माणसांवर चालू झालं. बांबूच्या कामट्या लावायच्या, वरून चिंधी आवळून बांधायची आणि एकवीस दिवस सोडायची नाही. माणूस वाईट नव्हता. पैसे मागायचा नाही, नारळावर भागायचं. कधीमधी हाड बराबर बसायचंही. पण वाकडे जुळलेले हात आणि फेंगडे पाय मला गावात रोज दिसायचे, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवत नव्हतं.

मी हटून बसले. हाड मोडलं की आधी माझ्याकडं यायचं, मी पुठ्ठा लावून बांधीन, जीप बघून देईन आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पाठवीन. हे मी ओट्यावर, हातपंपावर, लग्नाच्या मांडवात, जिथं चार बाया जमतील तिथं सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि हाडवैद्याकडे जायचे. परतताना मला दिसू नये म्हणून पांदीच्या वाटेनं यायचे.

वारं फिरलं ते एका धनगरणीमुळं. तिचा नवरा मेंढरांमागं जाताना नाल्यात पडला आणि नडगी मोडून घेतली. घरचे त्याला हाडवैद्याकडे न्यायला निघाले तेव्हा मी बैलगाडीपुढं उभी राहिले. अक्षरशः उभी राहिले. सासरा म्हणाला, "पाय गेला तर तुमी देनार हाव का?" मी म्हणाले, देईन. काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही. पण माणूस नांदेडला गेला, प्लास्टर झालं, आणि चार-पाच महिन्यांत मेंढरांमागं पुन्हा चालायला लागला. तेव्हापासून ती बाई माझी झाली. पोलिओच्या दिवशी पहिलं दार तिचं उघडायचं. दुसऱ्या बाया कुरकुरल्या तर तीच सांगायची, "नर्सबाई म्हनल्या ना, मग झालं." हळूहळू गावातली मोडलेली हाडं माझ्या ओट्यावर यायला लागली. नोकरीत मला बढती मिळाली नाही, बक्षीस मिळालं नाही, पण गावात माझा शब्द चालतो, ही माझी मिळकत होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

आणि मग माझाच खांदा धरला.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आधी वाटलं, डब्याच्या पट्ट्यानं दुखतोय. बर्फ भरलेला तो डबा दहा-बारा वर्षं उजव्या खांद्यावर लटकला होता. मग हात मागं जाईना. मग वरही जाईना. चोळीत हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. सगळ्यात अवघड होतं केस बांधणं. शेवटी हे माझ्या मागं बसून अंबाडा घालायचे. तिकिटं फाडायची सवय झालेला हात, अंबाडा कसला, गवताची पेंढी बांधल्यागत बांधायचे आणि वर म्हणायचे, "लई झकास झाला." मला हसू यायचं आणि रडूही यायचं. आपल्या हातानं आपले केस बांधता येत नाहीत, याची लाज मला पगार न झाल्यापेक्षा जास्त वाटली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी शुगर तपासली, ती बरी निघाली. म्हणाले, "खांदा आखडलाय. भिंतीकडं तोंड करून उभ्या राहा, बोटांनी भिंत चढत जा. रोज थोडं वर." मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, "वर्षही लागेल, दीड वर्षही." मी बाहेर येऊन मनात म्हणाले, याला कळलेलं नाही. औषध कळलं नाही की डॉक्टर व्यायाम सांगतात. चार दिवस भिंत चढले, दुखलं, सोडून दिलं. सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्यांना गोळ्यांचा कोर्स पुरा करायला लावणारी बाई मी.

तेवढ्यात हे एक पिवळं हँडबिल घेऊन आले. मान, पाठ, कंबर, खांदा, औषध नाही, ऑपरेशन नाही, अमेरिकन पद्धत, दर मंगळवारी हिंगोलीत, बसस्टँडजवळच्या लॉजच्या हॉलमध्ये. पद्धतीचं नाव कायरोप्रॅक्टिक. ह्यांच्या गाडीत चढलेल्या एका मास्तरची मान म्हणे तीन वर्षांनी एका झटक्यात वळली होती.

"म्हणजे हाडवैद्यच की," मी म्हणाले.

"अगं, हा शिकलेला हाय. टेबल घेऊन येतो."

"टेबल आणल्यानं काय होतं? हाडं तर हातानंच मोडतो ना?"

"मोडत न्हाई, बसवतो. काहून दर वेळी भांडून राहिली तू? जाऊन तर बघ."

मी हँडबिल चुलीत टाकायला उचललं आणि टाकलं नाही. पर्समध्ये ठेवलं. दोन आठवडे ते तिथं होतं आणि मी रोज माझ्याशी वाद घालत होते. मला त्या माणसाची भीती वाटत नव्हती. भीती गावाची होती. दहा-बारा वर्षं बैलगाड्या अडवून जे उभं केलं, ते मी एका झटक्यात पाडणार होते का? नर्सबाईच हाडं बसवून घेते म्हटल्यावर माझं कोण ऐकणार? आणि दुसरीकडे तो हात होता, जो डोक्यापर्यंत जात नव्हता.

शेवटी मी माझ्या वडिलांच्या मार्गानं गेले. ठरवलं, उपचार घ्यायचा नाही, फक्त तपासून यायचं. आज वाटतं, हे मी स्वतःला सांगितलेलं निमित्त होतं. खरं म्हणजे त्यानं फसवलं तरी चालेल, पण हात वर जावा, इथपर्यंत मी आले होते.

रजा टाकली आणि मंगळवारी सकाळच्या गाडीत बसले. शेजारी येऊन बसली कोण, तर तीच धनगरीण. मेंढरांना जंताचं औषध आणायला हिंगोलीला निघाली होती.

"बाई, कुटं चालल्या?"

"मीटिंग आहे," मी म्हणाले.

एवढं सहज निघून गेलं तोंडातून. ती म्हणाली, "व्हय का," आणि औंढ्यापर्यंत मेंढरांच्या तकलिफी सांगत बसली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

लॉजचा हॉल म्हणजे लग्नाच्या जेवणावळीची खोली. भिंतीला प्लास्टिकचा पाठीचा कणा टांगला होता आणि त्याच्या शेजारी फ्रेममध्ये सर्टिफिकेट. बसलेले लोक त्या सर्टिफिकेटकडे देवाच्या फोटोकडे बघावं तसे बघत होते. मी उठून जवळ गेले आणि चष्मा लावून वाचलं. इंग्रजी मला फार येत नाही, पण ती ओळ मी ओळखते. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला हजर राहिल्याचं सर्टिफिकेट होतं ते. शिकल्याचं नाही, पास झाल्याचं नाही, हजर राहिल्याचं. तसली माझ्याकडे पेटीभर आहेत. कुष्ठरोगाचं आहे, हिवतापाचं आहे, एक तर संडास बांधकामाचं आहे.

मग मी दाराजवळची खुर्ची धरली. पडदा अर्धाच होता. तो तिशीतला, तुकतुकीत, पांढऱ्या टी-शर्टातला माणूस. पेशंटला पालथं झोपवायचा, दोन्ही टाचा जुळवायचा आणि सोबतच्या नातेवाइकाला बोलवायचा. "देखो, बायाँ पैर छोटा है ना?" नातेवाईक वाकून बघायचा आणि हादरायचा. मग पाठीवर दोन धक्के, मानेला एक हिसका, कट् असा आवाज, आणि पुन्हा टाचा. "अब देखो. बराबर?" बराबर. मी तिथं अडीच तास बसले. सात माणसं आत गेली. सातही जणांचा डावाच पाय आखूड निघाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सगळीकडची माणसं, आणि उजवा पाय आखूड असलेला एकही नाही! मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. वडील असते तर त्यांनी तिथंच उठून जाहीर केलं असतं.

पण मग एक म्हातारा शेतकरी बाहेर आला. आत जाताना त्याची मान एका बाजूला कललेली होती, मी पाहिली होती. आता तो ती दोन्हीकडे वळवून वळवून सुनेला दाखवत होता आणि लहान लेकरासारखा हसत होता. माझी गुदगुली थांबली. त्याच्या हसण्यात मला काही खोट सापडेना. त्याच वेळी माझा नंबर आला आणि माझे पाय आपोआप आत गेले.

त्यानं खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला स्टुलावर बसवलं, मागं उभा राहिला आणि दोन्ही तळहात माझ्या जबड्याखाली ठेवले. हात गरम होते आणि साबणाचा वास येत होता.

"गर्दन ढीली छोडो, मॅडम."

"दुखता तो कंधा है," मी म्हणाले.

"सब गर्दन से आता है."

"एक्स-रे?"

"जरूरत नहीं. ढीली छोडो."

मी मान ढिली सोडायचा खरोखर प्रयत्न केला. डोळे मिटले. पण माझ्या मानेनं जन्मात कधी कुणापुढं अंग सोडलं नव्हतं, ती ताठच राहिली. तो वैतागला, म्हणाला, "डर क्यों रहे हो?" मला एकदम आठवलं की मी हेच बाळंतिणींना विचारते. मी त्याचे हात बाजूला केले, उठले, तपासणीची फी टेबलावर ठेवली आणि पदर सावरत, मान चोळत बाहेर आले.

समोरच्या जनावरांच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर धनगरीण बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, लॉजच्या दारावरच्या बोर्डाकडे पाहिलं. बोर्डावर हाडांच्या सापळ्याचं चित्र होतं, ते कळायला वाचता यायची गरज नव्हती. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "झाली का मीटिंग, बाई?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी तिथंच भांडून सगळं सांगून मोकळी झाले असते. मी म्हणाले, "झाली."

घरी ह्यांना डाव्या पायाचं सांगितलं तर हे खो खो हसले. म्हणाले, "मग तुझा कोंचा निघाला?" मी म्हणाले, मी मोजू दिला नाही. त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होते. फसले नव्हते.

आणि मी रागानं भिंतीला भिडले. त्या लॉजवाल्याचा राग, डॉक्टरांचा राग, माझा मला राग. उपकेंद्राचं दार आतून लावून घ्यायची, कारण भिंतीवर बोटं चढवणारी नर्सबाई कुणाला दिसली असती तर भानामती झाली म्हणून गाव गोळा झालं असतं. बोटं जिथवर पोचायची तिथं पेन्सिलची रेघ मारायची आणि वरून कुटुंबनियोजनाचं पोस्टर लटकवायची. रेघा वर सरकत गेल्या. आठवडाभर एकीवरच अडकायची, मग एकदम दोन बोटं पुढं. पावसाळा संपता संपता एका सकाळी ह्यांनी कंगवा हातात घेतला आणि मी तो काढून घेतला. अंबाडा माझा मी बांधला. हे जरा हिरमुसले, मला वाटतं.

गावाला भिंत दिसली नव्हती. गावाला एवढंच दिसलं की नर्सबाई हिंगोलीला हाडं बसवणाऱ्याकडे गेली आणि आता तिचा हात वर जातो. हातपंपावर एकीनं विचारलंच, "बाई, हिंगोलीला बसवून घेतला म्हनं खांदा? बरं झालं माय." मी तिच्यावर खेकसले, "कामं करा आपापली." खरं सांगायचं तर गेले का होते ते सांगावं लागणार, मीटिंगची थाप मारली ते सांगावं लागणार, आणि धनगरीण तिथंच घागर भरत उभी होती. मला वाटलं, विषय आपोआप विझेल. जगातल्या प्रत्येक गोष्टीत खोट शोधणारी मी, या गप्प बसण्यातही काही खोट असेल असं माझ्या मनाला एकदाही शिवलं नाही.

दिवाळीनंतर मी घरोघर फिरत होते. धनगरणीच्या दारी गेले तर तिची पाच वर्षांची लेक गोधडीवर निजलेली. तीन दिवसांपूर्वी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या भिंतीवरून पडली होती. उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत कामट्या, आणि वर चिंधी इतकी आवळलेली की बोटं वांग्यासारखी सुजून काळीनिळी पडलेली. मी बोटांना हात लावला. थंडगार. एक बोट जरा सरळ केलं तर लेकरू किंचाळलं.

माझ्या तोंडून शिवीच आली. कात्री काढून चिंध्या कापता कापता मी ओरडत होते, "काहून नेलं तिकडं? माझ्याकडं काहून नाही आणलं?"

ती घाबरून गेली होती. म्हणाली, "तुमी बी तर गेलता ना बाई. म्या म्हनलं, आता बाई सोता जातात म्हंजी त्याच्यात काई वाईट नसंल. हिंगोली लांब पडती, म्हनून जवळच्याकडं नेलं."

कात्री माझ्या हातात थांबली. मग पुन्हा चालली.

जीप मिळाली. वसमतवरून नांदेडला पोचेपर्यंत लेकरू माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात स्ट्रेचरची वाट न बघता मी तिला उचललं, उजव्या खांद्यावर टाकलं आणि दोन जिने चढले. खांदा जरासुद्धा दुखला नाही. डॉक्टरांनी हात पाहिला, बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, आजच ऑपरेशन करावं लागेल, पण बोटं किती उघडतील ते सांगता येत नाही. पुढं ती अर्धीच उघडली. पोरगी डाव्या हातानं लिहायला शिकली.

हात पाहून झाल्यावर डॉक्टर धनगरणीवर कडाडले, "कुणी सांगितलं होतं तिकडं न्यायला?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे बघत म्हणाली, "कुनी न्हाई साहेब. आमचंच डोकं फिरलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही गावात असताना असं होतंच कसं?"

एक क्षण होता. मला आजही तो क्षण तेवढाच लांब वाटतो. आणि मी म्हणाले, "मी सांगते हो सर, कंठशोष करते. हे लोक ऐकतच नाहीत."

ते मान हलवून ऑपरेशनची तयारी करायला आत गेले. आम्ही दोघी तिथं उभ्या. लेकरू माझ्या खांद्यावर कण्हत होतं. ती जवळ आली, दोन्ही हात पुढं केले आणि हळूच म्हणाली, "द्या बाई इकडं तिला. तुमचा खांदा आताच बसवलेला हाय, पुन्ना निखळंल."

मी लेकरू तिच्या हातात दिलं.